सासऱ्यांना नोटीस

मी माझ्या सासऱ्यांना ऑफिसची नोटीस बजावली. बजावली तेव्हा मी त्यांच्याच घरात राहत होते आणि त्यांच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवत होते. भोपाळच्या आमच्या वसाहतीतली मराठी मंडळी ही गोष्ट अजून सांगतात. सांगून झालं की हळूच विचारतात, "पण वहिनी, इतकं ताणायची गरज होती का?" होती. तेव्हाही होती आणि आजही आहे. पुन्हा तशी वेळ आली तर मी नोटिशीची भाषा आणखी कडक करीन.

आधी नाल्याबद्दल सांगते. आमच्या वसाहतीच्या मधून एक नाला जायचा. जुन्या नकाशावर ती नदी होती, पण हिंदीत सगळे नाला म्हणायचे म्हणून आम्हीही नाला म्हणायचो. मे महिन्यात त्यात म्हशींची पाठसुद्धा बुडायची नाही. पावसाळ्यात मात्र वरच्या टेकड्यांवर धो धो पाऊस झाला की दोन तासांत तो काठोकाठ भरून गढूळ पाणी घेऊन धावायचा. आमच्या डोक्यावर ऊन असायचं आणि नाल्याला पूर असायचा. नव्यानं बदली होऊन आलेल्यांना हे पटायचंच नाही.

साताऱ्याहून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन मी इथे लग्न करून आले. नवरा कारखान्यात मशीन शॉपला. वर्षभरात मलाही वसाहतीच्या बांधकाम विभागात ज्युनिअर इंजिनिअरची नोकरी लागली. विभागात मी एकटी बाई. इमारती एकानं घेतल्या, रस्ते दुसऱ्यानं घेतले, आणि नाले-गटारं माझ्या गळ्यात बांधली. पाठीमागे मला 'गटारवाली मॅडम' म्हणत. म्हणेनात का. गटार तुंबलं की याच लोकांची पळापळ होऊन ते माझ्याच टेबलाशी यायचे.

नाल्याचे नियम अर्ध्या पानात बसतील एवढेच होते. पूररेषेच्या आत पक्कं बांधकाम नाही. भराव नाही. प्रवाहात काही तात्पुरतं घालायचं असेल तर लेखी अर्ज करायचा आणि त्याच दिवशी ते काढायचं. बस. हे नियम माझ्या आधीही होते, पण कपाटात होते. मी ते बाहेर काढले. दर मे महिन्यात मी आणि आमच्या मजुरांच्या गँगचा मुकादम वरच्या पुलापासून खालच्या रस्त्याच्या मोरीपर्यंत नाल्यानं चालत जायचो. त्याच्या हातात लाल रंगाचा डबा, माझ्या हातात टेप आणि नकाशा. दगडांवर, भिंतींवर, झाडांच्या बुंध्यांवर लाल रेघ ओढायची. रेघेच्या आत जे सापडेल त्याला नोटीस. कोंबड्यांचं खुराडं, स्कूटरची शेड, कुणाचं बॅडमिंटनचं कोर्ट. एकदा एका मोठ्या साहेबांच्या गुलाबाच्या वाफ्यांची भिंत मी पाडायला लावली. तेव्हापासून साहेबांच्या बायका मला जवाहर चौकात भाजी घेताना दिसल्या तरी ओळख द्यायच्या नाहीत. भाजी मला तरीही ताजीच मिळत होती.

मुकादम नाल्याच्या अगदी काठावर राहायचा. गँगच्या लोकांसाठी आठ खोल्यांची एक ओळ होती, तिच्यातली पहिली खोली त्याची. त्याची म्हातारी आई दाराशी खाटेवर असायची. तिचे पाय गेले होते, पण तोंड शाबूत होतं. ती मला 'लाल रंगवाली' म्हणायची. आम्ही रेघ ओढत तिच्या दारापर्यंत आलो की ती दर वर्षी एकच प्रश्न विचारायची, "ए लाल रंगवाली, इस साल कहाँ तक आएगा?"

तिच्या उंबऱ्याच्या हातभर खाली एक काळा खडक होता. त्याच्यावरची ओली रेघ दाखवून मी म्हणायचे, "इससे ऊपर नहीं, अम्मा."

"पक्का?"

"पक्का."

मग ती फडक्यातले भाजलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवायची. तो माझा शब्द होता. नियमांच्या पुस्तकात तो लिहिलेला नव्हता, पण माझ्यासाठी सगळं पुस्तक त्या एका शब्दासाठी होतं.

आता गणपती. आमच्या मराठी मंडळाचा गणपती वसाहतीत दहा दिवस बसायचा. इंदूर-ग्वाल्हेरकडची जुनी मराठी घरं, आमच्यासारखी महाराष्ट्रातून आलेली, सगळी एकत्र. विसर्जनाला मोठ्या तलावावर न जाता मूर्ती आपल्याच नाल्यात सोडायची अशी पहिल्यापासूनची पद्धत होती. पण अनंत चतुर्दशीपर्यंत नाल्याचं पाणी गुडघ्याखाली उतरलेलं असायचं. म्हणून त्या दिवशी सकाळी पंचवीस-तीस माणसं मातीच्या गोण्या टाकून खालच्या मोरीजवळ बंधारा घालायची. संध्याकाळपर्यंत कमरेएवढा डोह व्हायचा. आरती झाली, मूर्ती बुडाली की तासाभरात बंधारा फोडायचा. मंडळ अर्ज करायचं आणि आमचा विभाग परवानगी द्यायचा. त्यात चूक काही नव्हती. मातीच्या बंधाऱ्याचा मोठा गुण असा की तो कच्चा असतो. फोडायला विसरलात आणि पाणी वाढलं, तर तो आपला आपण वाहून जातो.

हा गुणच माझ्या सासऱ्यांना दोष वाटत होता.

सासरे कारखान्यात फॅब्रिकेशनला फोरमन होते. हातात कला, डोळ्यात माप. कच्चं काम त्यांना बघवायचं नाही. घरातला पोळपाटसुद्धा डगमगला तर ते जेवण सोडून त्याला पॅकिंग लावत. रिटायर झाल्यावर मंडळाचे अध्यक्ष झाले आणि तीस वर्षं मनात असलेलं काम त्यांनी हातात घेतलं. "दर वर्षी चिखलात गोण्या काय टाकता? आपण कारखान्याची माणसं आहोत की गवंड्याची?" असं म्हणून त्यांनी नाल्यावर गेट बांधायचं ठरवलं.

त्या उन्हाळ्यात आईच्या ऑपरेशनसाठी मी दीड महिना साताऱ्याला होते. पूररेषा ओढून गेले होते, त्यामुळे निश्चिंत होते. परत आले तर हबीबगंज स्टेशनवर नवरा न्यायला आलेला. रस्त्यात तो नेहमीपेक्षा जास्त बोलत होता, आणि तो जास्त बोलला की काहीतरी लपवतोय हे मला ठाऊक होतं. बाकी सगळं सांगत होता, नाल्याचं नाव तेवढं घेत नव्हता, म्हणून घराकडे वळण्याआधी मी रिक्षा मोरीकडे न्यायला लावली.

नाल्यात दोन्ही काठांना काँक्रीटचे दोन जाडजूड खांब उभे होते. त्यांच्या मध्ये पोलादी गेट, वर फिरवायचं चाक, चाकाला हिरवा रंग. एका बाजूला मुरूम आणि माती टाकून काठ पुढे आणलेला, लोकांना बसून आरती बघता यावी म्हणून. माझ्या लाल रेघेचे दोन दगड त्या भरावाखाली गेले होते.

खरं सांगते, काम सुरेख होतं. जोड कुठे दिसेल तर शपथ. मी रिक्षात बसूनच नाल्याची रुंदी डोळ्यांनी मोजली. निम्मी उरली होती.

सासऱ्यांनी दारातच विचारलं, "बघितलंस?"

"बघितलं. परवानगी कुणी दिली?"

ते हसले. "अगं, परवानगी कसली? ते खातं तर आपल्याच घरात आहे."

इथेच सगळा घोळ झाला होता. मंडळानं अर्जच केला नव्हता. अध्यक्षांची सूनबाई त्या खात्यात आहे म्हणजे काम झालंच, असं सगळे धरून चालले होते. कुणी मुद्दाम लपवाछपवी केली नव्हती. त्यांना वाटलं, सुनेला सांगायचं ते घरी जेवताना सांगू. आणि जेवताना तरी सांगितलं का? तेही नाही, कारण मी साताऱ्याला होते आणि काँक्रीटवाला मोकळा होता.

मंडळाचे सेक्रेटरी इंदूरचे. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात येऊन खुर्ची ओढून बसले. "वहिनी, टेन्शन नका घेऊ नं. गेट तर वर्षभर उघडंच राहणार आहे. फक्त एक दिवस खाली. आपलंच काम आहे, थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या."

"खांब वर्षभर उघडे राहणार आहेत का?" मी विचारलं. "भराव उघडा राहणार आहे का?"

ते म्हणाले, "घरचं मॅटर आहे हो."

आमच्या साहेबांचं म्हणणंही तेच. "घर की बात है, घर में सुलटा लीजिए," असं म्हणून त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, मोठ्या साहेबांच्या गुलाबाला नोटीस जाते तर सासऱ्यांच्या गेटलाही जाईल. मी स्वतः टाईप केली. 'पूररेषेच्या आत विनापरवानगी पक्कं बांधकाम व भराव. पंधरा दिवसांत काढून टाकावा. निर्णय होईपर्यंत गेट खाली करू नये.' शिपायानं ती आमच्या घरी नेली, सासऱ्यांनी पोचपावतीवर सही केली, आणि मी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ती डायनिंग टेबलावर मिठाच्या बरणीखाली ठेवलेली होती.

तीस वर्षं फोरमनकी केलेला माणूस. ओरडायचं सोडून त्यांनी लेखी उत्तर दिलं. 'महोदया, आपले पत्र मिळाले.' दुसऱ्या पत्रात गेटचं ड्रॉइंग जोडलं. तिसऱ्या पत्रात, दोन माणसं चाक फिरवून चार मिनिटांत गेट वर घेऊ शकतात, असं लिहिलं. मी विचारलं, पूर आला तेव्हा ती दोन माणसं कुठे असतील? त्यांचं उत्तर आलं, 'निम्नस्वाक्षरीकर्ता स्वतः हजर राहील.' हा सगळा पत्रव्यवहार ऑफिसच्या डाकेतून चालला होता, आणि पत्र लिहिणारे दोघं एकाच घरात राहत होते. जेवताना ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. सासूबाई आमच्या मध्ये बसायच्या आणि म्हणायच्या, "यांना आमटी हवीय, वाढतेस का?" मी वाढायचे. आमटीत माझा राग कधी पडू दिला नाही.

नवरा म्हणायचा, "थोडं सांभाळून घे ना. त्यांचं वय बघ."

"मी वयाला नोटीस दिलेली नाही," मी म्हणायचे.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. गेट पाडायच्या हुकमावर वरची सही काही होईना. सण तोंडावर आहे, बघू, असं साहेब म्हणत राहिले.

श्रावणातल्या एका रविवारी मंडळानं गेटची चाचणी घेतली. मला न कळवता. आकाश निरभ्र होतं. गेट खाली केलं, पोहे झाले, फोटो झाले. पाणी कुठून गळतं का ते बघायला गेट संध्याकाळपर्यंत तसंच ठेवायचं ठरवून सगळे घरी जेवायला गेले. चाकाचं हँडल सासऱ्यांनी घरी आणून देवघरात ठेवलं. ते नेहमी तिथेच असायचं, समईच्या शेजारी. दुपारी मी पडले होते. आमच्याकडे थेंब नव्हता. वरच्या टेकड्यांवर मात्र ढगफुटीसारखा पाऊस झाला होता.

तीनच्या सुमाराला मुकादम धावत आला. अंगणातूनच ओरडला, "मॅडम, गेट गिरा है क्या? पानी उल्टा चढ़ रहा है!"

मी देवघरात बघितलं. हँडल नव्हतं. सासऱ्यांच्या चपला दारात तशाच होत्या. ते अनवाणीच पळाले होते.

मोरीशी पोचले तेव्हा गेटच्या वरच्या बाजूला तळं झालं होतं. त्यात फांद्या, पळसाची पानं, एक अख्खं बाभळीचं झाड येऊन गेटला टेकलं होतं. सासरे खांबावर उभे राहून एकटेच चाकाशी झटत होते. चाक फिरत नव्हतं. झाडाच्या धक्क्यानं गेट वर-खाली करणारा आट्यांचा दांडा वाकला होता. त्यांनी बनवलेला तो दांडा, हाताएवढा जाड, वाकला होता. मी पळत वर गेले आणि आठ खोल्यांच्या ओळीकडे बघितलं. काळा खडक दिसतच नव्हता. माझी लाल रेघ पाण्याखाली गेली होती. पहिल्या खोलीत पाणी शिरलं होतं, आणि म्हातारीची खाट दोन बायकांनी दोन्ही बाजूंनी उचलून धरली होती. तिला बाहेर काढायची वाटच पाण्यात होती. ती ओरडत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मला त्या क्षणी जी लाज वाटली ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही. इथे सांगते.

उपाय एकच होता. गेट उघडणार नसेल तर पाण्याला बाजूनं वाट द्यायची. मंडळानं घातलेला मुरमाचा भराव खांबाला लागून होता. तो खणून चर पाडला की पाणी उरलेलं काम आपलं आपण करील. खाली मोकळं मैदान होतं, तिथे कुणी राहत नव्हतं. पण भराव गेला की खांबही जाईल, हे मला कळत होतं आणि सासऱ्यांनाही कळत होतं. साहेबांची परवानगी घ्यायला वेळ नव्हता. रविवारच्या दुपारी साहेब कुठे सापडणार होते?

गँगची सहा माणसं कुदळी-फावडी घेऊन आली. सासरे खांबावरून उतरून भरावावर येऊन उभे राहिले, बरोबर जिथे खणायचं तिथे.

"बाबा, बाजूला व्हा," मी म्हटलं.

"अजून दोन मिनिटं. एक कांब आणा, मी दांडा सरळ करतो."

"दोन मिनिटं नाहीत. बाजूला व्हा."

ते माझ्याकडे बघत राहिले. सगळ्या आयुष्यात त्यांनी तोंडी हुकमावर कधी मशीन बंद केलं नव्हतं. म्हणाले, "लेखी दे."

माणसाचा संताप व्हावा असंच बोलणं होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा उलटंच काहीतरी चमकलं. द्यायचंच, म्हटलं. पर्समधली डायरी काढली आणि पेन्सिलीनं एका पानावर लिहिलं, 'गेट अडकल्यामुळे वरच्या वस्तीत पाणी शिरले आहे. भराव तोडण्याचा आदेश मी देत आहे.' खाली सही, वेळ. पान फाडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, चौपदरी घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि बाजूला झाले.

दहा मिनिटांत चर पडला. पाण्यानं तो आधी हातभर केला, मग पुरुषभर. मग भराव ढासळला आणि त्याच्यामागोमाग खांब तिरका झाला. सासरे बघत उभे होते. वरचं पाणी उतरायला लागलं. पहिल्या खोलीत ते खाटेच्या पायांच्या निम्म्यापर्यंत गेलं होतं. पीठ गेलं, अंथरुणं गेली, मुकादमाच्या मुलीची पुस्तकं गेली. माणूस गेलं नाही.

मला वाटलं होतं, आता तरी लोकांचे डोळे उघडतील. उघडले, पण माझ्यावर वटारायला. मंडळाची मालमत्ता सुनेनंच बुडवली, असं वसाहतभर झालं. त्या वर्षी मंगळागौरीला मला एकाही घरचं बोलावणं आलं नाही. शिवाजी नगरातल्या माझ्या आतेसासूबाईंनी तर सासूबाईंना खास निरोप पाठवला की सूनबाईला थोडं दाबात ठेवा. सासूबाईंनी तो निरोप मला हसत हसत सांगितला, आणि वर म्हणाल्या, "दाबून बघते, पण तू उसळतेस."

मग भराव कसा फुटला याची चौकशी लागली. चौकशीच्या आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी मला बोलावून चहा पाजला. त्यांचा सल्ला असा होता की भराव पावसानंच वाहून गेला असं लिहून टाकावं. निसर्गाचा कोप. तुमच्यावर काही येणार नाही, मंडळ खूश, गेट पुढच्या वर्षी जरा मजबूत करून पुन्हा उभं करता येईल. सेक्रेटरींचं आणि त्यांचं बहुतेक ठरलंच होतं.

मला सल्ल्यातला डाव लगेच कळला. भराव आपोआप गेला असेल तर दोष भरावाचा, गेटचा नाही. मग गेट राहतं. आणि पुढच्या मे महिन्यात मी काळ्या खडकावर रेघ ओढून त्या म्हातारीला पुन्हा काय सांगणार?

"भराव मी तोडायला लावला," मी म्हटलं. "चहा चांगला होता."

चौकशीला तीन अधिकारी टेबलापलीकडे. एका बाजूला मंडळ, त्यात अध्यक्ष म्हणून सासरे, इस्त्रीचा सदरा घालून. मी सरळ सांगितलं, गेट अडकलं होतं, वस्तीत पाणी होतं, आदेश माझा होता. सेक्रेटरी उठले. "सर, पानी से ही टूटा है। मॅडम को खामखा क्रेडिट लेना है। ऐसा कोई ऑर्डर-वॉर्डर नहीं था।" एका अधिकाऱ्यानं मला विचारलं, आदेश लेखी होता का? होता. प्रत आहे का? नव्हती. गँगच्या माणसांची साक्ष कोण घेणार, ती माझीच माणसं होती.

सासरे उभे राहिले. खिशातून घडी काढली. कागद पाण्यानं फुगून वाळला होता, पण पेन्सिल पुसली गेली नव्हती. त्यांनी तो टेबलावर ठेवून हातानं सपाट केला.

"लेखी आदेश होता," ते म्हणाले. "मी वाचला आणि बाजूला झालो. गेट अडकलं होतं. चाक मी स्वतः फिरवत होतो, फिरलं नाही. बनवलंही मीच होतं." मराठीतच बोलले. टेबलापलीकडच्या तिघांपैकी एकाला मराठी कळत होतं, त्यानं बाकीच्यांना सांगितलं. सेक्रेटरी खाली बसले.

गेट काढायचा हुकूम झाला. मलाही एक मेमो मिळाला, वरिष्ठांना न विचारता परस्पर निर्णय घेतल्याबद्दल ताकीद. तो मी फाईलला लावला नाही, घरी आणला. अजून आहे. पुढे बढतीच्या वेळी कुणीतरी सुचवलं की अर्ज केला तर ताकीद रद्द होऊ शकेल. मी म्हटलं, माझ्या नोकरीतला तो सगळ्यात खरा कागद आहे, तो कशाला रद्द करू?

चार दिवसांनी माझ्या टेबलावर डाकेनं मंडळाचा अर्ज आला. मातीच्या गोण्यांचा बंधारा, एक दिवसासाठी, त्याच संध्याकाळी फोडण्यात येईल. खाली त्यांची सही. मी परवानगी दिली. 'सूर्यास्तानंतर एका तासाच्या आत' असं अटीत वाढवलं.

अनंत चतुर्दशीला सकाळी गोण्या पडल्या. संध्याकाळी आरती झाली, मूर्ती बुडाली, प्रसाद वाटला. डोह छान भरला होता, पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडत होती. कुणीतरी म्हणालं, "आज राहू दे ना. आभाळ बघा किती साफ आहे. उद्या सकाळी फोडू." चार-पाच माना डोलल्या. मी काही बोलण्याआधीच पाण्यात फावड्याचा आवाज आला. सासरे धोतर खोचून बंधाऱ्याशी उतरले होते. "परवानगीत आजचं लिहिलंय," एवढंच म्हणाले आणि पहिली गोणी ओढली.

मुकादमानं आईची खाट काठावर आणून ठेवली होती, तिला विसर्जन बघायचं होतं म्हणून. तिनं मला हाक मारली, "ए लाल रंगवाली. अब कहाँ तक आएगा?"

मी काळ्या खडकाकडे बोट केलं. रेघ मी पुन्हा ओढून घेतली होती. "इससे ऊपर नहीं, अम्मा."

"ये तो तूने पहले भी बोला था," ती म्हणाली. शेंगदाण्यांचं फडकं तिच्या मांडीवर होतं. ते तिनं सोडलं नाही.

उत्तर खालून, पाण्यातून आलं.

"अम्मा," सासरे म्हणाले. त्यांचं हिंदी तीस वर्षांतही सुधारलं नव्हतं. "वो मेरा गलती था। इसका नहीं था।"

हे काठावरच्या सगळ्यांनी ऐकलं. सासूबाई होत्या, सेक्रेटरी होते, माझा नवरा होता. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी म्हणावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती, हे मला दिसत होतं. मी 'जाऊ द्या बाबा' म्हटलं नाही. म्हणायला नकोच होतं, आणि त्यांनाही ते नको होतं. ते पुन्हा पाण्यात वाकले आणि त्यांनी दुसरी गोणी काढली.